लिनक्स डेस्कटॉप: वारंवार विचारले जाणारे आणि तितक्याच वारंवार भांडणं लावणारे प्रश्न

कॉम्प्युटरवर लिनक्स टाकावं का, एवढं साधं शोधायला गेलेला माणूस दहा मिनिटांत भलत्याच वादात जाऊन अडकतो. सिस्टमडी चांगलं की वाईट, स्नॅप का नको, वेलँड तयार झालं की अजून कच्चंच आहे. त्याला यातलं काहीच विचारायचं नव्हतं. पण हे वाद अगदीच बिनकामाचे नाहीत. त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रश्न सापडतो: तुमच्या कॉम्प्युटरवर काय चालणार हे ठरवणार कोण? खालची उत्तरं तटस्थ नाहीत. मी रोजचं काम लिनक्सवर करतो, त्यामुळे प्रेमही आहे आणि तक्रारीही भरपूर आहेत.

लिनक्स, उबुंटू, मिंट, फेडोरा ही सगळी एकच गोष्ट आहे का?

गाभा एक, संसार वेगळे. लिनक्स हे खरं तर कर्नलचं नाव. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते १९९१ मध्ये जाहीर केलं. हार्डवेअरशी बोलणं, मेमरी वाटून देणं, प्रोग्रॅम चालवणं हे त्याचं काम. त्याच्या जोडीची बरीचशी मूलभूत साधनं ग्नू प्रकल्पातून आली. तो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्येच जाहीर केला होता. डोळ्यांना दिसणाऱ्या खिडक्या, मेन्यू, फाइल मॅनेजर ही डेस्कटॉपची कामगिरी: ग्नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई वगैरे. हे सगळं निवडून, एकमेकांशी जुळवून, तपासून इन्स्टॉलरमध्ये भरून जे हातात पडतं तो डिस्ट्रो.

म्हणून “मी लिनक्स वापरून बघितलं, आवडलं नाही” असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठला डिस्ट्रो, कुठला डेस्कटॉप? अनेकदा तक्रार ग्नोमची असते आणि बोल लिनक्सला लागतो.

इतके डिस्ट्रो आणि इतके डेस्कटॉप कशाला? सगळ्यांनी मिळून एकच चांगला का करत नाहीत?

कारण एकत्र यायला लावणारा कोणी नाही, आणि वेगळं व्हायला कोणाची परवानगी लागत नाही. लायसन्सनेच तो हक्क दिलेला आहे: कोड घ्या, बदला, स्वतःच्या नावाने पुढे न्या.

ग्नोम आणि केडीईचीच गोष्ट घ्या. केडीई १९९६ मध्ये सुरू झालं. ते क्यूटी नावाच्या टूलकिटवर (बटणं, मेन्यू, खिडक्या काढून देणाऱ्या तयार कोडवर) बांधलेलं होतं आणि क्यूटीचं लायसन्स त्या वेळी पूर्णपणे खुलं नव्हतं. डेस्कटॉपचा पायाच एका कंपनीच्या मर्जीवर, हे अनेकांना पटलं नाही. त्यातून १९९७ मध्ये ग्नोम उभा राहिला. पुढे २००० मध्ये क्यूटी जीपीएल या खुल्या लायसन्सखाली आलं आणि भांडणाचं मूळ कारणच संपलं, पण तोवर दोन्ही घरं वसली होती. तेव्हापासून दोन टूलकिट, दोन फाइल मॅनेजर, दोन टेक्स्ट एडिटर, सगळंच दोन दोन.

पुढचा मोठा स्फोट २०११ मधला. ग्नोम ३ ने टास्कबार, मेन्यू, डेस्कटॉपवरचे आयकॉन सगळं मोडीत काढून नव्याने मांडलं. त्याच सुमाराला उबुंटूने स्वतःचं युनिटी पुढे आणलं. वर्षानुवर्षं एका पद्धतीने काम करणाऱ्यांच्या हातातलं कोणीतरी काढून घेतलं अशी भावना झाली. मग कोणी जुन्या ग्नोम २ चा कोड घेऊन माटे चालू ठेवलं, तर मिंटवाल्यांनी ग्नोम ३ च्याच तंत्रावर जुन्या वळणाचं सिनॅमन बांधलं. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये युनिटी सोडून दिलं आणि उबुंटू परत ग्नोमवर आलं. माटे आणि सिनॅमन मात्र आजही आहेत.

माझं मत विचाराल तर ही विभागणी खर्चिक आहे. तीच चूक चार प्रकल्पांत चार वेळा दुरुस्त होते, आणि एखाद्या कंपनीला आपलं सॉफ्टवेअर लिनक्सवर आणायचं तर नेमकं कशासाठी बनवायचं हेच तिला कळत नाही. पण २०११ मध्ये ज्यांना नवा डेस्कटॉप नको होता त्यांना जायला दुसरीकडे जागा मिळाली. कंपनीच्या मालकीच्या सिस्टिममध्ये स्टार्ट मेन्यू बदलला की तुमच्या हाती फक्त चडफडणं उरतं.

कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे जास्त सुरक्षित असतो ना?

दिसतो म्हणजे कोणी बघतंच असं नाही. २०१४ मध्ये उघडकीला आलेली हार्टब्लीड ही ओपनएसएसएलमधली (वेबसाइटशी होणारं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या कोडमधली) चूक दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. जगभरच्या वेबसाइट ज्या कोडवर विसंबून होत्या, तो सांभाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

त्याहून अंगावर येणारी घटना २०२४ ची. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) जवळपास प्रत्येक डिस्ट्रोमध्ये असते. ती मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. ‘जिया टान’ या नावाने कोणीतरी तिथे यायला लागलं, चांगलं काम करू लागलं, विश्वास मिळवला. दरम्यान इतर काही अनोळखी नावांनी मूळ सांभाळणाऱ्यावर दबाव येत राहिला: काम फार हळू चाललंय, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या. दोनेक वर्षांनी अधिकार मिळाले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसला. तोही अशा खुबीने की मुख्य कोड वाचून तो दिसू नये. त्याचे तुकडे चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत लपवले होते आणि पॅकेज बांधताना ते जोडले जात.

तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला. डेबियन या डिस्ट्रोच्या अस्थिर आवृत्तीवर एसएसएच लॉगिनला (दूरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला) नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच तापतोय, हे त्यांना खटकलं. ते मागे लागले, आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. तोवर हा कोड काही डिस्ट्रोंच्या अस्थिर आवृत्त्यांत पोचला होता. स्थिर आवृत्त्या थोडक्यात वाचल्या.

यातून दोन्ही बाजू आपापला अर्थ काढतात. एक म्हणते, बघा, कोणीही आत शिरू शकतो. दुसरी म्हणते, बघा, बाहेरच्या माणसाला शोधता आलं. मला दोन्ही खरं वाटतं. कोड खुला नसता तर फ्रॉइंड यांना लॉगिन हळू झालंय एवढंच कळलं असतं, का झालंय ते खोदून काढता आलं नसतं. आणि त्या एकट्या माणसाला वेळेवर पगारी मदत मिळाली असती तर ‘जिया टान’ची गरजच पडली नसती.

लिनक्सवर व्हायरस येतच नाहीत, खरं का?

येतात. डेस्कटॉपवर कमी दिसतात, कारण वापरणारे कमी, सॉफ्टवेअर बहुतेक वेळा डिस्ट्रोच्या तपासलेल्या रिपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) येतं, आणि रोजचा वापर ॲडमिनच्या अधिकाराशिवाय होतो. पण वेबसाइटवरची एखादी कमांड न वाचता सुडो (म्हणजे ॲडमिनचे अधिकार) लावून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चिकटवलीत तर तुम्हाला कुठलीही सिस्टिम वाचवू शकणार नाही.

फुकट मिळतं, मग पैसे कोण देतं?

कंपन्या देतात. कर्नलमधलं बरंचसं काम आज पगारी इंजिनिअर करतात: चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे, क्लाउडवाल्यांचे, कंपन्यांना लिनक्स विकणाऱ्या रेड हॅटसारख्यांचे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीतला प्रत्येक कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. अँड्रॉइड फोनातही तेच कर्नल. पैसा तिकडे आहे. डेस्कटॉप हा त्या मेजवानीतला शेवटचा पाहुणा, त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

जिथे पैसा, तिथे मालकीची जाणीव. उबुंटूने २०१२ मध्ये १२.१० आवृत्तीत डेस्कटॉपच्या शोधपट्टीत ॲमेझॉनवरच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली. स्वतःच्या कॉम्प्युटरवरची फाइल शोधायला अक्षरं टाइप करा, ती कॅनॉनिकलच्या सर्व्हरकडे जाणार. स्टॉलमन यांनी त्याला सरळ हेरगिरी म्हटलं. शेवटी २०१६ च्या १६.०४ मध्ये तो शोध मुळातच बंद ठेवून देण्यात आला.

रेड हॅटचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर मोजून ही कंपनी घेतली. सेंटओएस म्हणजे रेड हॅटच्या महागड्या सिस्टिमची फुकट मिळणारी तंतोतंत प्रतिकृती होती. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ चा सपोर्ट २०२९ ऐवजी २०२१ अखेरीसच संपणार. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या मुख्य सिस्टिमचा सोर्स कोड सर्वांसाठी उघडपणे ठेवणंही थांबवलं; ग्राहकांना तो मिळतो, बाकीच्यांना सेंटओएस स्ट्रीमवर (पुढच्या आवृत्तीच्या आगाऊ कोडवर) भागवावं लागतं. जीपीएलची अट कागदोपत्री पाळली जाते, असं कंपनीचं म्हणणं. भावना दुखावली, असं समुदायाचं म्हणणं. लोक रॉकी लिनक्स आणि अल्मा लिनक्स या सेंटओएसच्या जागी आलेल्या डिस्ट्रोंकडे गेले. मला रेड हॅटचा राग येतो, पण त्याच कंपनीने ग्नोम, वेलँड, ऑडिओ, फाँट अशा डेस्कटॉपच्या कितीतरी कामांवर वर्षानुवर्षं पगार दिलेत. शिव्या घालताना तेही आठवावं लागतं.

सिस्टमडीवर एवढा राग का? मला तर ते कुठे दिसतही नाही.

दिसत नाही तेच चांगलं. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर बाकीच्या सेवा कोणी, कधी, कोणत्या क्रमाने चालू करायच्या हे बघणारा तो पहिला प्रोग्रॅम. आधी हे काम लांबलचक शेल स्क्रिप्ट करत. लेनार्ट पॉटरिंग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सिस्टमडी आणलं. सेवा एकाच वेळी सुरू होऊ लागल्या, कोण कोणावर अवलंबून ते नीट नोंदवता आलं, पडलेली सेवा आपोआप उठू लागली.

आक्षेप असा की ते तेवढ्यावर थांबलं नाही. लॉग, लॉगिन, नेटवर्क, वेळ, डीएनएस, एकेक करत बरंच काही त्याच्या छत्राखाली आलं. ‘एका प्रोग्रॅमने एकच काम नीट करावं’ या युनिक्सच्या जुन्या शिकवणीला हे सोडून आहे, असं विरोधक म्हणतात. लॉग साध्या मजकुरात न ठेवता बायनरी स्वरूपात ठेवणं हा त्यांचा खास दुखरा मुद्दा.

डेबियनमध्ये हे प्रकरण तांत्रिक समितीपर्यंत गेलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. नाराज मंडळींनी डेबियनमधून फुटून डेव्हुआन काढलं. इतक्या वर्षांनंतर मागे बघता, तांत्रिकदृष्ट्या सिस्टमडी जिंकलं यात वाद नाही, आणि रोजच्या वापरात मला ते सोयीचंच वाटतं. पण ग्नोमसारखा डेस्कटॉप त्यावर इतका विसंबला की डिस्ट्रोंना नाही म्हणणं दिवसेंदिवस महाग होत गेलं, ही तक्रार खरी आहे. निवड कागदावर शिल्लक असते आणि प्रत्यक्षात आक्रसत जाते.

वेलँड की एक्स ११?

दोन्ही म्हणजे खिडक्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या आणि कीबोर्ड-माउस त्यांच्यापर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणा: एक्स ११ जुनी, वेलँड नवी. नवा कॉम्प्युटर, नवा डिस्ट्रो असेल तर वेलँड. तो बहुधा आपोआपच मिळेल. ग्नोमने ४९ व्या आवृत्तीत एक्स ११ चं सेशन मुळातच बंद ठेवलं आणि उबुंटू २५.१० ने ते काढून टाकलं.

एक्स ११ हा १९८७ चा. त्यात एक मूलभूत भोक आहे: चालू असलेला कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत तुम्ही काय टाइप करताय ते वाचू शकतो. पासवर्डसकट. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने ते बंद केलं. मात्र त्याच भोकातून कितीतरी उपयोगी कामं होत होती. स्क्रीन शेअर करणं, स्क्रीनशॉट, सगळीकडे चालणारे शॉर्टकट, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ताबा घेणं, अंधांसाठीचे स्क्रीन रीडर. या प्रत्येकासाठी नवी वाट शोधावी लागली, आणि ती ग्नोमने एक, केडीईने दुसरी अशी शोधली. म्हणून सुरक्षित व्हायला इतकी वर्षं गेली. स्क्रीन रीडरवर अवलंबून असणाऱ्या माणसाला ‘जुनं बंद, नवं अर्धवट’ असं सांगणं हे या सगळ्यातलं सर्वांत कमी चर्चा झालेलं आणि सर्वांत चुकीचं वागणं आहे, असं मला वाटतं.

स्नॅप, फ्लॅटपॅक, ॲपइमेज: काय भानगड आहे?

जुन्या पद्धतीत प्रत्येक डिस्ट्रो प्रत्येक ॲप आपल्यासाठी वेगळं बांधतो. या तिन्ही पद्धतींत ॲप आपल्या सगळ्या लायब्रऱ्या बरोबर घेऊन येतं आणि कुठेही चालतं. बदल्यात डिस्क जास्त खातं.

वाद मुख्यतः स्नॅपचा. ते कॅनॉनिकलचं आहे आणि त्याचं स्टोअर चालवणारा सर्व्हर बंदिस्त आहे. दुसरं कोणी आपलं स्टोअर काढू शकत नाही. शिवाय उबुंटूत तुम्ही नेहमीच्या पॅकेज मॅनेजरने (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रॅमने) क्रोमियम ब्राउझर मागितलंत तर तो मागच्या दाराने स्नॅप आणून देतो. मिंटने २०२० मध्ये आपल्या २० व्या आवृत्तीत हा मार्गच अडवून टाकला. त्यातच स्नॅप स्टोअरमध्ये बनावट क्रिप्टो वॉलेट शिरल्याचे प्रकार झाले. मी फ्लॅटपॅक वापरतो. ॲपइमेज म्हणजे एकच फाइल, डाउनलोड करा आणि चालवा. झकास, पण अपडेटची काळजी बहुधा तुमची तुम्हालाच.

माझं हार्डवेअर चालेल का?

बहुतेक चालेल. अडतं ते ठरावीक ठिकाणी: फिंगरप्रिंट सेन्सर, काही वायफाय चिप, एकदम नवे लॅपटॉप, आणि एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं. टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. ती चित्रफीत अजून फिरते. २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. वरचा भाग अजून बंदिस्तच. परिस्थिती पूर्वीपेक्षा खूप बरी आहे, तरी कर्नल अपडेटनंतर काळी स्क्रीन दिसण्याचा मान अजून याच कार्डांचा.

वायफायमागे एक तत्त्वाचा वाद आहे. चिपला चालू होताना फर्मवेअर (तिच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) लागतं आणि ते बहुधा बंदिस्त असतं. खुलं नसलेलं काहीही अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालायचं नाही, अशी डेबियनची भूमिका होती. परिणाम असा की इन्स्टॉल करताना वायफाय नाही, आणि वायफायचं फर्मवेअर डाउनलोड करायला नेट नाही. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे बदललं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. कट्टर मंडळींना हा पराभव वाटला. पण जी सिस्टिम इन्स्टॉलच होत नाही तिच्या शुद्धतेचा कोणाला उपयोग?

टर्मिनल शिकावंच लागतं का?

रोजच्या कामाला नाही. अडचण सोडवायला बहुधा हो, कारण मदत करणारे टर्मिनलच्याच भाषेत उत्तरं देतात. बटण कुठे आहे ते प्रत्येक डेस्कटॉपवर वेगळं. कमांड सगळीकडे जवळपास तीच.

याचा प्रसिद्ध दाखला नोव्हेंबर २०२१ चा. एका लोकप्रिय यूट्यूबरने पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम (गेम विकत घेऊन खेळायचं ॲप) टाकायचा प्रयत्न केला. पॅकेजमध्ये त्या दिवसांत चूक होती, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या दुकानातून ते बसेना. मग इंटरनेटवर सांगतात तसं त्याने टर्मिनल उघडलं. पॅकेज मॅनेजरने भलीमोठी यादी छापली आणि इशारा दिला की हे केलंत तर आवश्यक पॅकेजं निघून जातील, पुढे जायचं असेल तर अमुक एक वाक्य जसंच्या तसं टाइप करा: ‘येस, डू ॲज आय से!’. त्याने केलं. आज्ञाधारक मशीनने संपूर्ण डेस्कटॉप उचकटून टाकला.

यावर महिनाभर भांडण झालं. एक गट: इशारा वाचायला नको? दुसरा गट: स्टीम टाकताना डेस्कटॉप उडू शकतो हीच सिस्टिमची लाज आहे. मी दुसऱ्या गटात. एपीटी या पॅकेज मॅनेजरच्या लेखकांनीही नंतर तो प्रश्न विचारणंच बंद केलं आणि असा उद्योग करणं अवघड करून ठेवलं, म्हणजे त्यांनाही मुद्दा पटला असावा.

गेम चालतात का?

आता चालतात, हे वाक्य मला दहा वर्षांपूर्वी खोटं वाटलं असतं. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, त्यामुळे विंडोजसाठी बनलेले हजारो गेम लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र लिनक्सवरच चालतं. अडतं ते ऑनलाइन स्पर्धेच्या गेमना. व्हॅलोरंट चालत नाही, फोर्टनाइट चालत नाही, कारण फसवणूकविरोधी यंत्रणेसकट ते लिनक्सवर चालू द्यायची त्यांच्या कंपन्यांची तयारी नाही. तुम्ही तेवढेच खेळत असाल तर विंडोज ठेवा. यात तत्त्वाचा प्रश्न आणू नका.

ऑफिस आणि फोटोशॉपचं काय?

फोटोशॉप नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ब्राउझरमधून. लिब्रेऑफिस हे खुलं ऑफिस घरगुती आणि बऱ्याचशा कार्यालयीन कामाला पुरतं, पण गुंतागुंतीची एक्सेल फाइल किंवा बदल सुचवलेली लांब वर्ड फाइल सतत इकडून तिकडे जात असेल तर मांडणी हलते. तेव्हा समोरच्याने काय पाठवलं होतं आणि आपण काय परत पाठवलं यावर खुलासे देत बसावं लागतं.

विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकू का?

हे लिनक्सकडे वळायचं आजचं सर्वांत सरळ कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे अगदी धडधाकट कॉम्प्युटर कागदोपत्री बाद झाले. असा ८ जीबी मेमरीचा आणि एसएसडी असलेला कॉम्प्युटर मिंटवर आणखी कित्येक वर्षं आनंदाने चालेल. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई घ्या. ३२ बिट प्रोसेसर असेल तर आता फार आशा धरू नका. डेबियननेही १३ व्या आवृत्तीपासून त्यासाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. लिनक्स हलकं असलं तरी ब्राउझर हलका होत नाही. वीस टॅब उघडल्यावर लागणारी मेमरी दोन्हीकडे सारखीच.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतील का?

येतील. आधी बॅकअप, मग विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून दुसरीकडे ठेवलेली. विंडोज आधी, लिनक्स नंतर.

घड्याळ तासांनी पुढेमागे दिसलं तर घाबरू नका. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. दोघांपैकी एकाला समजूत घालावी लागते. जास्त त्रासदायक गोष्ट म्हणजे विंडोजचं अपडेट कधी तरी बूटलोडरला, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला, धक्का लावतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सिक्युअर बूटशी संबंधित एका अपडेटने अनेकांचं लिनक्स सुरू होणंच थांबलं होतं. दोन वेगळ्या डिस्क असतील तर दोन्ही सिस्टिम वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, निम्मी कटकट वाचते.

सरकारांनी करून बघितलं ना? मग फसलं का?

म्यूनिकचं उदाहरण नेहमी देतात. शहराच्या परिषदेने २००३ मध्ये ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० कॉम्प्युटर लिमक्स या स्वतःच्या डिस्ट्रोवर आले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरलं. लिनक्सचे विरोधक याला तांत्रिक अपयश म्हणतात, समर्थक राजकारण. दोन्ही होतं: खास विंडोजसाठी बनलेली कार्यालयीन सॉफ्टवेअरं, विस्कळित आयटी विभाग, आणि मध्ये बदललेलं नेतृत्व. आता जर्मनीतलंच श्लेसविग-होल्स्टाइन राज्य २०२४ पासून सुमारे ३०,००० कॉम्प्युटरांसाठी तोच मार्ग धरतंय, सुरुवात लिब्रेऑफिसपासून. आधी ॲप बदला, मग सिस्टिम, हा क्रम शहाणपणाचा आहे. घरीही हेच करावं: महिनाभर विंडोजवरच फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस वापरा, जमलं तर पुढे जा.

प्रश्न विचारला की लोक उद्धटपणे का बोलतात?

काही अंशी वारसा. टोरवाल्ड्स यांच्या ईमेलमधली भाषा अनेक वर्षं कौतुकाने सांगितली जायची. २०१८ मध्ये त्यांनी स्वतः माफी मागितली, काही काळ कामातून बाजूला झाले, आणि कर्नल प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. काही अंशी थकवा: तोच प्रश्न हजाराव्यांदा, तोही फुकटात उत्तर देणाऱ्याला. डिस्ट्रोचं नाव, आवृत्ती, चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा, आणि आतापर्यंत काय करून बघितलं एवढं लिहिलंत तर सूर लगेच बदलतो. तरीही कोणी हिणवलंच तर तो धागा सोडा.

लिनक्सशिवाय दुसरं खुलं काही नाही का?

आहे. फ्रीबीएसडी सर्व्हरवर उत्तम, डेस्कटॉपवर वायफाय आणि ग्राफिक्ससाठी धीर लागतो. हायकू देखणी आणि चपळ आहे, हौसेने बघावी. रिॲक्टओएस विंडोजची प्रतिकृती करू पाहते. कित्येक वर्षं झाली, अजून रोजच्या वापरायोग्य नाही.

लिनक्स डेस्कटॉपचं वर्ष कधी येणार?

हा जुना विनोद आहे. वेबसाइटला येणाऱ्या भेटी मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या मोजणीत लिनक्सचा डेस्कटॉपवरचा वाटा फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा ४ टक्क्यांवर गेला. ४ टक्के म्हणजे क्रांती नव्हे, पण ड्रायव्हर लिहिणाऱ्याला आणि गेम बनवणाऱ्याला दुर्लक्ष करणं थोडं अवघड व्हावं एवढं नक्की. बहुसंख्य लोक दुकानातून आणलेल्या कॉम्प्युटरवर जे असतं तेच वापरतात. जोवर लिनक्स आधीच टाकलेले कॉम्प्युटर सर्रास विकले जात नाहीत, तोवर कोणी कितीही सुंदर डेस्कटॉप बनवला तरी हा आकडा हळूहळूच सरकणार.

ठीक आहे. मग मी नेमका कोणता घेऊ?

विंडोजवरून येत असाल आणि फारसं काही शिकायची इच्छा नसेल तर मिंट सिनॅमन. हार्डवेअर अगदी नवं असेल किंवा ग्नोम आवडत असेल तर फेडोरा. कोणीतरी मदतीला हवं आणि शोधलं की उत्तर सापडावं असं वाटत असेल तर उबुंटू, स्नॅप सहन करून. एकदा बसवून वर्षानुवर्षं हात लावायचा नसेल तर डेबियन. आर्चवाले तुम्हाला आर्च (जवळपास सगळं स्वतः जुळवायचा डिस्ट्रो) सुचवतील. सहा महिन्यांनी स्वतःहून इच्छा झाली तर जरूर जा.

टाकण्याआधी लायव्ह यूएसबी बनवा आणि इन्स्टॉल न करता तासभर वापरा. वायफाय जोडा, आवाज ऐका, ब्लूटूथ हेडफोन लावा, बाहेरचा मॉनिटर जोडा, प्रिंटरवर एक पान काढा, व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून बघा. शेवटी लॅपटॉप मिटा, पाच मिनिटांनी उघडा. झोपेतून नीट उठला, तर इन्स्टॉल करायला हरकत नाही.